रिफ्लक्सची तपासणी: उभ्याने, उताणे की पालथे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. प्रश्नकर्त्यांच्या ६४ वर्षांच्या आईंना रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येते. एका केंद्रात त्यांची बेरियमची तपासणी (क्ष-किरणांत दिसणारा बेरियमचा द्रव पाजून केलेली) उभ्याने झाली आणि अहवाल निर्दोष आला. काही आठवड्यांनी दुसऱ्या केंद्रात तीच तपासणी टेबलावर झोपवून, कुशीवर वळवून आणि पाणी पाजून केली, तेव्हा लहान हायटस हर्निया (जठराचा वरचा भाग छातीत सरकणे) आणि रिफ्लक्स (जठरातला द्रव उलट अन्ननलिकेत येणे) असल्याचे लिहून आले. यातला खरा अहवाल कोणता? जोडीला दुसरी शंका आहे: बहिणीच्या पाच महिन्यांच्या बाळाला उभे धरले की ते दूध कमी टाकते, मग मिल्क स्कॅन, म्हणजे दुधात किरणोत्सारी द्रव्य मिसळून केलेली रिफ्लक्सची तपासणी, करताना त्याला तासभर उताणेच का ठेवले?

आधी आईंचे पाहू. दोन्ही अहवाल खरे असू शकतात. शरीराची स्थिती बदलली की जठरातला द्रव कुठे साचतो, हवा कुठे जाते, अन्ननलिकेला गुरुत्वाकर्षणाची मदत मिळते की नाही आणि श्वासपटलाच्या छिद्रातून जठराचा वरचा भाग छातीत सरकतो की परत खाली उतरतो, हे सगळेच बदलते. म्हणून अशा अहवालात काय दिसले याच्याइतकेच ते कोणत्या स्थितीत दिसले हे महत्त्वाचे असते, आणि स्थितीची नोंदच नसेल तर तो अहवाल अपुरा आहे असे मी मानतो.

जठर पोटात सरळ उभे नसते. त्याचा वरचा फुगीर भाग, ज्याला आम्ही फंडस म्हणतो, डाव्या बाजूला आणि पाठीकडे असतो. तिथून जठर पुढे, खाली आणि उजवीकडे येते, आणि त्याचे शेवटचे टोक पाठीचा कणा ओलांडून उजव्या बाजूला जाते. पाण्याने अर्धी भरलेली पखाल तिरकी बांधली तर ती ज्या बाजूला कलेल त्या बाजूला पाणी धावते, तसेच जठरातल्या द्रवाचे होते. माणूस उताणा झोपला की द्रव पाठीकडच्या फंडसमध्ये साचतो आणि हवा पुढच्या भागात येते. पालथा झोपला की उलट होते, म्हणजे द्रव पुढे येतो आणि हवा फंडसमध्ये जाते. अन्ननलिका जठराला जिथे मिळते ते तोंड फंडसच्या उजव्या अंगाला असते. त्यामुळे डाव्या कुशीवर झोपल्यास फंडस सर्वांत खाली राहतो, द्रव त्यात साठतो आणि ते तोंड द्रवाच्या पातळीच्या वर, हवेत राहते. उजव्या कुशीवर झोपल्यास तेच तोंड द्रवाच्या पातळीखाली येते. या एका भूमितीवर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. ॲमस्टरडॅममधील संशोधकांनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात झोपेतील स्थिती आणि अन्ननलिकेतील आम्ल यांची एकाच वेळी नोंद घेतली, तेव्हा डाव्या कुशीवर असताना वर आलेले आम्ल सर्वांत लवकर ओसरते असे आढळले. वामकुक्षी घेणाऱ्यांना हे वाचून बरे वाटेल, मात्र ज्यांना रिफ्लक्स आहे त्यांनी जेवल्या जेवल्या आडवे होणे कोणत्याही कुशीवर टाळावे.

आता उभ्याने केलेल्या तपासणीविषयी. ती निरुपयोगी नसते. नीट केलेल्या बेरियम स्वॉलोची सुरुवात बहुधा उभ्यानेच होते. रुग्णाला आधी पोटात वायू तयार करणारी पावडर थोड्या पाण्याबरोबर देतात आणि लगेच घट्ट बेरियम भराभर प्यायला सांगतात. रुग्ण थोडा तिरका उभा असतो, म्हणजे अन्ननलिकेची सावली कण्याच्या सावलीवर पडत नाही. वायूने नळी फुगते, बेरियमचा पातळ थर आतल्या आवरणावर बसतो, आणि व्रण, आवरणाचा खडबडीतपणा, गाठ किंवा आकुंचन अशा गोष्टी शोधता येतात. या टप्प्याचा उद्देश आवरण पाहणे हाच असतो. इथे रिफ्लक्स दिसला तरी त्याला मी फारसे वजन देत नाही, कारण वायूने फंडस ताणला की ढेकर येणारच आणि ढेकरेबरोबर थोडे बेरियम वर येणे हे निरोगी माणसातही घडते. उलट, या टप्प्यात रिफ्लक्स दिसला नाही म्हणून तो होतच नाही असेही म्हणता येत नाही. उभ्या माणसात द्रव जठराच्या खालच्या भागात असतो, अन्ननलिकेच्या तोंडापाशी हवा असते, आणि जे काही वर येईल ते गुरुत्वाकर्षणाने क्षणात खाली जाते.

ज्यांची तक्रार आडवे झाल्यावरच होते, त्यांची तपासणी केवळ उभ्याने करून थांबणे मला पटत नाही. असे का होते, याची कारणे मात्र नेहमी वैद्यकीय नसतात. रुग्णांची रांग, साधे न कलणारे टेबल, पालथे होऊ न शकणारे वयस्क रुग्ण, आणि "छातीत अडकते का तेवढे बघा" एवढीच सूचना असलेली चिठ्ठी, या सगळ्यांतून तपासणी आखडती होते. आईंच्या पहिल्या अहवालात अन्ननलिकेचे आवरण निर्दोष आहे आणि आकुंचन नाही असे लिहिले असेल, तर तेवढे विधान ग्राह्य धरावे. रिफ्लक्स आणि हर्निया नाही हे विधान मात्र त्या तपासणीच्या आवाक्याबाहेरचे होते.

पालथ्या स्थितीतला टप्पा बहुतेक रुग्णांना चमत्कारिक वाटतो आणि तोच सर्वाधिक वेळा गाळला जातो. माझ्या मते सगळ्या तपासणीत अधिक माहिती देणारा टप्पा हाच आहे, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. रुग्णाला पालथे झोपवून त्याची डावी बाजू किंचित उचलून ठेवतात, उजवी बाजू टेबलाला टेकलेली राहते, आणि पातळ बेरियम नळीने किंवा पेल्याने दिले जाते. यामागे दोन हेतू असतात.

पहिला हेतू अन्ननलिकेची लहर, म्हणजे घोट खाली ढकलणारे स्नायूंचे आकुंचन, पाहण्याचा. उभ्या माणसाच्या अन्ननलिकेत जोर नसला तरी घोट आपल्या वजनाने खाली जातो. मग स्नायूंनी काम केले की गुरुत्वाकर्षणाने, हे चित्रावरून सांगता येत नाही. शरीर आडवे असले की घोट पुढे ढकलण्याचे काम एकट्या लहरीवर येते. निरोगी लहर साधारण २५ सेंटिमीटरची ही नळी ८ ते १० सेकंदांत वरून खालपर्यंत पुसून काढते. या वेळी रुग्णाला एक घोट घेऊन थांबायला सांगतात आणि दोन घोटांमध्ये २० ते ३० सेकंदांचे अंतर ठेवतात, कारण दुसरा घोट लवकर घेतला तर पहिल्या घोटाची लहर मध्येच विझते आणि निरोगी अन्ननलिकाही दुबळी दिसू लागते. असे पाच सुटे घोट पाहावेत, असा प्रघात आहे. घटाघटा पाजून "अन्ननलिकेची हालचाल मंद" असा शेरा मारलेले अहवाल मी अनेकदा पाहतो. त्यात दोष बहुधा पाजण्याच्या पद्धतीचा असतो.

लहरीचा रिफ्लक्सशी काय संबंध, असे कोणी विचारेल. आम्ल वर येणे हा अर्धा भाग झाला. ते किती वेळ वर राहते, हा दुसरा. जागेपणी, उभे असताना गुरुत्वाकर्षण, लहर आणि गिळलेली लाळ ही तिन्ही मिळून अन्ननलिका धुऊन काढतात. झोपेत गुरुत्वाकर्षणाची मदत नसते, लाळ फार कमी सुटते आणि गिळणेही विरळ होते. अशा वेळी लहर दुबळी असेल तर थोडेसे आम्लही बराच वेळ आवरणाला जाळत राहते. म्हणूनच रात्रीच्या रिफ्लक्सने होणारी इजा दिवसाच्या मानाने अधिक असू शकते. याचे ठळक उदाहरण स्क्लेरोडर्मा या आजारात दिसते. त्यात अन्ननलिकेच्या खालच्या दोन तृतीयांश भागातली लहर जवळजवळ नाहीशी होते आणि अन्ननलिका व जठर यांच्यामधली खालची झडपही सैल पडते. असा रुग्ण उभा असताना बेरियम सुरळीत खाली उतरते. त्यालाच आडवे केले की तेच बेरियम नळीत पडून राहते, खालीवर हेलकावते, आणि झडप उघडी असल्याने जठरातले बेरियमही वर येऊन मिळते. ज्यांची बोटे थंडीत पांढरी-निळी पडतात, हातांची त्वचा ताठर झाली आहे आणि शिवाय जळजळ आहे, त्यांची आडव्या स्थितीतील तपासणी कधीही टाळू नये.

दुसरा हेतू हायटस हर्नियाचा. अन्ननलिका श्वासपटलातल्या एका छिद्रातून पोटात उतरते. ते छिद्र सैल झाले की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो, आणि बहुसंख्य रुग्णांत हा हर्निया सरकता असतो, म्हणजे तो वर जातो आणि परतही येतो. उभे राहिल्यावर पोटातले अवयव खाली ओढले जातात आणि लहान हर्निया खाली उतरून दिसेनासा होतो. पालथे झोपल्यावर पोटावर दाब येतो. त्यात रुग्णाने खोल श्वास घेऊन जोर केला आणि नळी बेरियमने पूर्ण भरून फुगली, तर हर्निया उघडा पडतो. अन्ननलिका आणि जठर यांची सांधरेषा छिद्राच्या २ सेंटिमीटरपेक्षा अधिक वर गेली आणि जठराच्या घड्या छिद्र ओलांडून वर जाताना दिसल्या की निदान पक्के होते. त्याहून लहान सरकणे हे गिळताना निरोगी माणसातही होते, म्हणून "अगदी लहान हर्निया" या शेऱ्याने घाबरून जाऊ नये. शात्स्की यांच्या नावाने ओळखले जाणारे, अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असणारे पातळ वलयही याच स्थितीत सापडते: नळी पुरेशी फुगली नाही तर ते दिसत नाही, आणि त्याचा व्यास १३ मिलिमीटरपेक्षा कमी असेल तर घास अडकण्याची तक्रार जवळजवळ नक्की असते. घास अधूनमधून अडकतो पण एंडोस्कोपीत काही दिसत नाही अशा रुग्णाला मी पालथ्या स्थितीतील बेरियमसाठी आग्रहाने बोलावतो.

मोठ्या हर्नियाची गोष्ट निराळी आहे. तो स्थितीवर अवलंबून नसतो. साध्या उभ्याने काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्येही हृदयाच्या मागे हवा आणि द्रवाची आडवी रेषा दिसून तो ओळखू येतो. सीटी स्कॅनमध्ये हर्निया योगायोगाने सापडल्याचेही अनेकजण सांगतात. सीटी उताणे झोपवून, खोल श्वास रोखून घेतात, त्यामुळे सरकता हर्निया त्यात दिसेल किंवा नाही दिसणार. रिफ्लक्सच्या निदानासाठी सीटी करू नये, एवढेच त्याबद्दल पुरे.

पालथ्यानंतर रुग्णाला उताणे करतात आणि मग उजवीकडे वळवतात. हे वळणे हीच एक चाचणी असते. फंडसमध्ये साचलेले बेरियम वळताना अन्ननलिकेच्या तोंडावरून वाहते, आणि त्या क्षणी ते आपोआप वर गेले तर तो कोणताही जोर न लावता झालेला रिफ्लक्स ठरतो. इथवरचे निरीक्षण मला मोलाचे वाटते. यापुढे येतात त्या रिफ्लक्स मुद्दाम घडवून आणण्याच्या युक्त्या: खोकायला लावणे, नाक-तोंड बंद करून जोर करायला लावणे, दोन्ही पाय सरळ उचलायला सांगणे, टेबल कलवून डोके खाली करणे, पोट दाबणे, आणि वॉटर सायफन चाचणी. या शेवटच्या चाचणीत रुग्ण उताणा पण किंचित उजवीकडे कललेला असतो, म्हणजे बेरियम अन्ननलिकेच्या तोंडापाशी जमते, आणि त्या स्थितीत त्याला पाणी प्यायला देतात. पाणी गिळताना खालची झडप नैसर्गिकरीत्या उघडते. ती उघडी असताना वरून पाणी उतरते आणि खालून बेरियम वर येऊ शकते.

अडचण अशी की झडप उघडल्यावर थोडे बेरियम वर येणे हे निरोगी माणसातही घडते. युक्त्या जितक्या वाढवाव्यात तितके रिफ्लक्सचे खरे रुग्ण अधिक सापडतात, आणि तितकेच निरोगी लोकही रुग्ण म्हणून नोंदले जातात. डोके खाली, पाय वर आणि पोटावर दाब अशा अवस्थेत कोणी झोपत नाही, त्यामुळे त्या अवस्थेत मिळालेल्या उत्तराचा रुग्णाच्या रोजच्या आयुष्याशी फारसा संबंध नसतो. मी स्वतः वळणे, खोकणे आणि पाण्याचे घोट एवढ्यावर थांबतो, आणि आपोआप झालेला रिफ्लक्स व घडवून आणलेला रिफ्लक्स हे दोन वेगळ्या वाक्यांत लिहितो. त्याबरोबरच बेरियम किती उंच गेले, म्हणजे झडपेच्या जरा वरच थांबले की महाधमनीच्या कमानीपर्यंत किंवा गळ्यापर्यंत पोहोचले, आणि ते उतरायला किती वेळ लागला, हेही लिहावे लागते. झडपेशी जरासे उसळून लगेच उतरलेले बेरियम आणि मानेपर्यंत चढून मिनिटभर रेंगाळलेले बेरियम, या दोन्हींसाठी "रिफ्लक्स आहे" एवढाच शेरा मारणे योग्य नाही.

आईंच्या दुसऱ्या अहवालात रिफ्लक्स नेमका कोणत्या वेळी दिसला, हे म्हणूनच विचारून घ्यावे. तो केवळ पाणी पिताना दिसला असेल तर त्यावरून निदान ठरवता येणार नाही. नुसते कुशीवर वळताना दिसला, उंच गेला आणि सावकाश उतरला असेल, तर त्यांच्या रात्रीच्या तक्रारीशी तो जुळतो.

हेही सांगायला हवे की सर्व स्थितींमध्ये उत्तम रीतीने केलेली बेरियम तपासणीसुद्धा रिफ्लक्सच्या आजाराचे निदान एकटीने करू शकत नाही. अमेरिकेतील पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने (अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजी) २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत, केवळ या निदानासाठी बेरियम करू नये, असे स्पष्ट म्हटले आहे. कारण साधे आहे. रिफ्लक्स अधूनमधून होतो, आणि क्ष-किरणांचा पडदा सगळा मिळून काही मिनिटेच चालू असतो. दिवसभरात ४० पर्यंत वेळा रिफ्लक्स होणे हे स्वाभाविक धरले जाते आणि ८० च्या पुढे गेल्यास विकृत. यातले किती प्रसंग त्या काही मिनिटांत पडतील? शिवाय तपासणी उपाशीपोटी होते, आणि आईंची तक्रार रात्रीच्या जेवणानंतरची आहे. भरल्या पोटी फंडस ताणला गेला की खालची झडप घोट न गिळताही मध्येच काही सेकंद सैल पडते, आणि बहुतेक रिफ्लक्स अशाच वेळी होतो. त्यामुळे पोट किती भरलेले आहे हेही शरीराच्या स्थितीइतकेच महत्त्वाचे, आणि ते बेरियमच्या टेबलावर हुबेहूब उभे करता येत नाही. बेरियमने रचना आणि हालचाल पाहावी. आम्लाचा हिशेब दुसऱ्या तपासणीवर सोपवावा.

ती दुसरी तपासणी म्हणजे २४ तासांची पीएच नोंद, आणि तिथेही स्थिती आहेच. नाकातून घातलेली बारीक नळी अन्ननलिकेतील आम्ल मोजत राहते आणि रुग्ण आडवा झाला की यंत्रावरचे बटण दाबून तशी नोंद करतो. अन्ननलिकेत पीएच ४ च्या खाली असण्याचा वेळ निरोगी माणसात किती असतो, याच्या १९७० च्या दशकात ठरवलेल्या जुन्या मर्यादा उभ्या स्थितीसाठी ६.३ टक्के आणि आडव्या स्थितीसाठी अवघ्या १.२ टक्के अशा होत्या. या फरकाचा अर्थ असा की निरोगी माणसालाही दिवसा, उठता-बसता, जेवल्यावर रिफ्लक्स होतोच. रात्री आडव्या स्थितीत मात्र तो जवळपास नसावा. आज एकूण वेळ पाहतात: ४ टक्क्यांखाली असेल तर सामान्य, ६ टक्क्यांवर असेल तर आजार नक्की, आणि मधल्या पट्ट्यात इतर पुरावा पाहायचा. रुग्णाने बटण दाबलेच नाही, किंवा दुपारी आडवे होऊन टीव्ही पाहिल्याची नोंद केली नाही, तर या विभागणीला अर्थ राहत नाही. अन्ननलिकेचा दाब मोजणारी मॅनोमेट्रीही २०२१ च्या शिकागो वर्गीकरणापासून (अन्ननलिकेच्या हालचालींच्या विकारांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी) दोन्ही स्थितींमध्ये करतात, आडवे असताना १० घोट आणि बसून ५. झडपेचा अडथळा एकाच स्थितीत दिसला तर तो खरा अडथळा मानला जात नाही.

आता बाळाकडे येतो. मिल्क स्कॅनमध्ये टेक्नेशियम-९९एम या किरणोत्सारी द्रव्याचा अगदी थोडा अंश दुधात मिसळून बाळाला नेहमीइतके दूध पाजतात. ते द्रव्य आतड्यातून शोषले जात नाही आणि त्याची किरणे दर ६ तासांनी निम्मी होतात. शेवटी थोडे साधे दूध किंवा पाणी देऊन तोंड आणि अन्ननलिका धुऊन घेतात, ढेकर काढतात, आणि मग बाळाला उताणे ठेवून गॅमा कॅमेऱ्याने साधारण तासभर काही सेकंदांना एक अशी चित्रे घेत राहतात. क्ष-किरणांच्या पडद्यावरच्या बेरियम तपासणीशी तुलना केली तर याचा मोठा लाभ असा की बाळाला मिळणारी किरणे दुधातूनच येतात, त्यामुळे चित्रे मिनिटभर घ्या की तासभर, मात्रा तेवढीच राहते. दूध आम्ल शोषून घेत असल्याने पाजल्यानंतरचा जो रिफ्लक्स पीएच नळीला कळत नाही, तोही यात दिसतो.

उताणेच का, याची कारणे तीन आहेत. बाळाला खांद्यावर धरून स्थिर चित्र मिळत नाही, आणि हललेल्या बाळाच्या चित्रात अन्ननलिका व जठर यांची सरमिसळ होते. उताण्या स्थितीत द्रव फंडसमध्ये, म्हणजे अन्ननलिकेच्या तोंडाजवळ राहतो, त्यामुळे रिफ्लक्स असेल तर दिसण्याची शक्यता वाढते. उभे धरून तो लपवण्यात तपासणीचा फायदा नाही. आणि बाळाने घरीही उताणेच झोपायचे असते, त्यामुळे ही स्थिती त्याच्या झोपेच्या जवळची आहे. मोठ्या माणसांच्या अशाच स्कॅनमध्ये पोटाला पट्टा बांधून दाब टप्प्याटप्प्याने वाढवतात. बाळांना पट्टा बांधत नाहीत. काही तासांनी छातीचे पुन्हा चित्र घेऊन दूध फुप्फुसात गेले का तेही पाहतात, आणि इथे एक गमतीचा धोका असतो: बाळाने अंगरख्यावर किंवा लाळेऱ्यावर टाकलेले दूधही कॅमेऱ्याला छातीतला ठिपका म्हणून दिसते, म्हणून संशय आला की कपडे बदलून चित्र पुन्हा घ्यावे लागते.

या स्कॅनमध्ये रिफ्लक्स दिसला तरी बाळ आजारी आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. पाच महिन्यांचे, वजन नीट वाढणारे, हसते-खेळते बाळ दूध टाकत असेल तर बहुतेक वेळा तो वयाचा भाग असतो आणि वर्षभराच्या आसपास आपोआप कमी होतो. वजन न वाढणे, हिरवी उलटी, रक्त, वारंवार न्यूमोनिया ही लक्षणे असतील तर चित्र वेगळे. हिरवी उलटी झाली तर कोणत्याही स्कॅनची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे, कारण आतड्याला पीळ पडलेला असू शकतो. तो संशय असला तर बाळाची बेरियम किंवा तत्सम तपासणी होते, आणि तिथे स्थितीबद्दल कसलीच सूट चालत नाही: उजव्या कुशीवर ठेवून द्रव जठरातून पुढे उतरवायचा, मग बाळाला अगदी सरळ उताणे करून लहान आतड्याचा पहिला वळसा कण्याच्या डावीकडे येतो का ते पाहायचे. बाळ जरा तिरके झाले तरी हा वळसा चुकीच्या जागी भासतो.

उभे धरले की बाळ दूध कमी टाकते हे निरीक्षण बरोबर आहे, आणि पाजल्यावर वीसेक मिनिटे तसे धरायला हरकत नाही. त्यावरून बाळाला उशांवर तिरके किंवा कुशीवर झोपवण्याचा निष्कर्ष मात्र काढू नये. युरोप आणि अमेरिकेतील बालपोटविकारतज्ज्ञांच्या २०१८ च्या संयुक्त सूचनांत झोपलेल्या बाळाचे डोके उंच करणे, कुशीवर किंवा पालथे ठेवणे या उपायांविरुद्ध सल्ला दिला आहे. पालथ्या स्थितीत रिफ्लक्स कमी होतो हे खरे, पण झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो, आणि तो धोका दूध टाकण्यापेक्षा फार मोठा आहे. अर्धवट बसवणाऱ्या खुर्चीत तर रिफ्लक्स वाढतो, हे १९८३ मध्येच दाखवून झाले आहे. बाळ कमरेत दुमडते आणि पोटावर दाब येतो.

आईंनी पुढे काय करावे, हे त्यांच्या पोटविकारतज्ज्ञांनी ठरवायचे आहे. या वयात छातीतली जळजळ चालताना किंवा जिना चढताना होत असेल तर आधी हृदयाची तपासणी करावी. घास अडकणे, वजन घटणे, रक्ताची कमतरता यांपैकी काही असेल तर एंडोस्कोपी लांबवू नये. आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या किती आठवडे आधी थांबवायच्या हे डॉक्टरांना विचारावे, कारण गोळ्यांनी आवरण भरून आले की एंडोस्कोपीतही काही दिसत नाही. बेरियम पुन्हा करायचे ठरलेच, तर पालथे होता येत नसल्यास, मणक्याचा, कमरेचा किंवा गुडघ्याचा त्रास असल्यास, किंवा पाणी पिताना ठसका लागत असल्यास ते टेबलावर चढण्याआधी सांगावे. पालथ्याऐवजी उताण्या तिरक्या स्थितीतही घोटांचा टप्पा पार पाडता येतो, फक्त अहवालात तसे लिहिले पाहिजे. चिठ्ठीवर "रात्री आडवे झाल्यावर आंबट पाणी घशाशी येते" एवढे एक वाक्य डॉक्टरांकडून लिहून घेतले, तर तपासणी करणारा बहुधा रुग्णाला उभ्याने पाहून घरी पाठवणार नाही. तपासणीनंतर दोन दिवस भरपूर पाणी प्यावे, नाहीतर बेरियम आतड्यात घट्ट होऊन बद्धकोष्ठ होते.

हर्नियाच्या शस्त्रक्रियेचा विषय कोणी काढला, तर दुसऱ्या केंद्रातून तपासणीची हलती चित्रे असलेली सीडी मागून घ्यावी. झडप किती घट्ट करायची हे ठरवताना शल्यविशारदाला अन्ननलिकेची लहर शाबूत आहे की नाही हे कळावे लागते. ते पालथ्या स्थितीतल्या सुट्या घोटांवरून आणि मॅनोमेट्रीवरून कळते; कागदावर छापलेल्या चार स्थिर चित्रांवरून कळत नाही.